१०० मॅकॅलिस्टर: जुना २८ मजली मनोरा विधी महाविद्यालयासाठी – प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५

इमारत ठरली. सॅन फ्रान्सिस्को, मॅकॅलिस्टर आणि लेव्हनवर्थ रस्त्यांचा कोपरा. २८ मजले, उंची ३०८ फूट, म्हणजे ९४ मीटर. १९३० मध्ये उघडली तेव्हा खाली मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचं प्रार्थनागृह आणि वर विल्यम टेलर हॉटेल अशी जोडइमारत होती. वास्तुकार लुइस हॉबार्ट. पुढे एम्पायर हॉटेल, मग सरकारी कार्यालयं, आणि १९७८ पासून हेस्टिंग्ज विधी महाविद्यालयाकडे. या महाविद्यालयाचं नाव १ जानेवारी २०२३ पासून यूसी लॉ सॅन फ्रान्सिस्को असं आहे. ज्या टेलरच्या नावाने हॉटेल उभं राहिलं तो धर्मप्रचारक १८७० च्या दशकात मुंबईतही काम करून गेला होता.

महाविद्यालयाच्या स्वतःच्या कामाशी या नोंदींचा संबंध नाही. हा स्वतंत्र अभ्यास आहे: अशी जुनी इमारत भूकंपासाठी मजबूत करून विधी महाविद्यालयाच्या वापरात कशी आणायची. उंची, मजले, काळ हे इमारतीचे. मजल्याचं क्षेत्रफळ, खांबांची अंतरं वगैरे आम्ही 'धरलेली' आहेत आणि जिथे धरली तिथे तसं लिहिलं आहे.

पहिली गोष्ट तारखांची. कॅलिफोर्नियात इमारतींना आडव्या बलाची सक्ती आली ती लाँग बीचच्या १० मार्च १९३३ च्या भूकंपानंतर: शाळांसाठी फील्ड कायदा, इतर बहुतेक इमारतींसाठी रायली कायदा, वजनाच्या २ टक्के आडवं बल. आपली इमारत त्याच्या तीन वर्षं आधीची. तेव्हाचे अभियंते वाऱ्याचा दाब धरून सांगाडा बांधत. त्यामुळे सांगाडा अगदीच दुबळा नाही, पण सांधे भूकंपाच्या उलटसुलट ओढीसाठी बनवलेले नाहीत.

९ जुलै

मजबुतीकरणाच्या आधी कुठल्या मजल्यावर काय बसणार हे ठरवायला घेतलं. क्रम उलटा केला तर नंतर मजले पुन्हा फोडावे लागतात.

अमेरिकी भारसंहितेतले चल भार (माणसं, सामान यांचं वजन), चौरस मीटरला किलोन्यूटनमध्ये (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०२ किलोचं वजन): राहत्या खोल्या १.९२, वर्ग १.९२, कार्यालयं २.४०, वाचनकक्ष २.८७, सभागृह (हलत्या खुर्च्या) ४.७९, पुस्तकांचे रॅक ७.१८.

हॉटेलच्या खोलीचा वर्ग केला तर भार तोच. कार्यालय, विधी सल्ला केंद्र, वाचनकक्ष हे थोड्या तपासणीने बसतात. रॅक मात्र पावणेचार पट. शिवाय ७.१८ हा आकडा अटींसह आहे: रॅकची उंची जास्तीत जास्त ९० इंच, प्रत्येक बाजूच्या फळीची खोली १२ इंचांपर्यंत, दोन रॅकमधली वाट किमान ३६ इंच. रुळांवर सरकणारे रॅक घेतले की वाटच उरत नाही आणि भार १२ च्या पुढे जातो. ग्रंथालय समितीला सरकते रॅक नेहमी आवडतात, कारण जागा वाचते. ते फक्त तळघरात, जमिनीवर टेकलेल्या स्लॅबवर.

ठरलेली मांडणी: तळघरात रॅक, पहिल्या चार मजल्यांत वर्ग आणि जुन्या प्रार्थनागृहात अभिरूप न्यायालय (खटल्याच्या सरावाचं दालन), त्यावर सल्ला केंद्रं आणि प्राध्यापकांच्या खोल्या, सर्वात वर निवास.

वर्ग वरच्या मजल्यांवर का नकोत याचं गणित: चार लिफ्ट, प्रत्येकीत १२ माणसं, एक फेरी १५० सेकंदांची धरली. पाच मिनिटांत ४ × १२ × ३०० ÷ १५० = ९६ माणसं. दोन तासांमधल्या दहा मिनिटांत १९२. एका वेळी ३०० विद्यार्थी मजला बदलणार असतील तर शंभरेक जण रोज उशिरा. चौथ्या मजल्यापर्यंत लोक जिन्याने जातात.

१५ जुलै

पोकळ माती टाईल. त्या काळच्या पोलादी सांगाड्याच्या इमारतींत खोल्यांच्या भिंती याच टाईलच्या, दोन्ही बाजूंनी गिलावा. चार इंची टाईल आणि दुहेरी गिलावा मिळून भिंतीच्या चौरस मीटरला १.३४ किलोन्यूटन. भिंत ३ मीटर उंच आणि मजल्यावर १५० मीटर लांबीच्या भिंती धरल्या तर ६०० किलोन्यूटन, म्हणजे एका मजल्यावर साधारण ६१ टन. तेवढ्याच लांबीच्या जिप्सम बोर्डाच्या भिंती १७२ किलोन्यूटन. मजल्यामागे ४४ टन कमी. वीस मजल्यांवर सुमारे ८८० टन. भूकंपाचं बल वजनाच्या प्रमाणात असल्याने हा सरळ फायदा.

पण इथे एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो: 'टाईल काढल्या की ग्रंथालयाचं वजन आपोआप बसेल.' बसत नाही. मजला ५०० चौरस मीटर धरला तर वाचलेला भार चौरस मीटरला ०.८६ किलोन्यूटन. रॅकसाठी लागणारी वाढ ५.२६. शिवाय भिंतींचा भार काही ठराविक तुळयांवर येत होता, रॅकचा दुसऱ्याच तुळयांवर येणार. जुन्या इमारतींच्या संहितेप्रमाणे एखाद्या घटकावरचा उभा भार ५ टक्क्यांहून जास्त वाढला की तो घटक नव्या नियमांनी तपासावा लागतो. मजल्याची सरासरी काढून तुळई सुटत नाही.

तोडताना काय चुकतं: राडारोडा मजल्यावरच साठतो. १.९२ किलोन्यूटन म्हणजे चौरस मीटरला १९६ किलो. टाईल-गिलाव्याच्या राड्याची घनता घनमीटरला १,२०० किलो धरली तर १६ सेंटिमीटरचा थर झाला की मर्यादा संपली. गुडघाभर ढीग म्हणजे तिप्पट भार. राडा त्याच पाळीत खाली गेला पाहिजे, आणि कचरानळाच्या तोंडाशी ढीग होऊ नये म्हणून तिथे खालून टेकू.

१६ जुलै

कालच्या नोंदीत भर. खांबांभोवतीच्या टाईलला हात लावायचा नाही. ती भिंत नाही, आगीपासूनचं कवच आहे. तोडणाऱ्या टोळीला दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून खांबांवर आधी लाल रंगाचे पट्टे मारायचे. सांध्याच्या कामासाठी जिथे कवच काढावंच लागेल तिथे नंतर फवाऱ्याचं अग्निरोधक येईल. ते जुन्या शिशाच्या रंगावर धरत नाही. रंग सोलून निघतो आणि अग्निरोधक त्याच्यासकट पडतं. या उंचीच्या इमारतीला चिकटण्याची किमान ताकद चौरस मीटरला २०.६ किलोन्यूटन लागते. प्रत्येक प्रकारच्या जुन्या पृष्ठभागावर आधी नमुना फवारून, वाळवून, ओढून बघायचा.

२२ जुलै

इमारतीचा डोलण्याचा काळ, म्हणजे एकदा डोलून परत यायला लागणारा वेळ. संहितेची दोन सूत्रं घेतली, उंची फुटांत.

नुसता पोलादी सांगाडा: ०.०२८ × ३०८ चा ०.८ वा घात = २.७४ सेकंद.
भिंतींनी भरलेला, ताठ सांगाडा: ०.०२ × ३०८ चा ०.७५ वा घात = १.४७ सेकंद.

खरी इमारत या दोहोंच्या मधे कुठेतरी, आणि भूकंप चालू असताना दुसऱ्यापासून पहिल्याकडे सरकत जाणारी. सुरुवातीला भिंती शाबूत, इमारत ताठ, त्यामुळे बल जास्त. या टप्प्यात प्रवेग काळाच्या व्यस्त प्रमाणात धरला तर १.८६ पट. मग टाईल तडकते, काळ लांबतो, बल उतरतं आणि सरकणं (एका मजल्याचं खालच्या मजल्याच्या तुलनेत बाजूला जाणं) वाढतं.

म्हणून एकाच मॉडेलवर विसंबणं धोक्याचं. फक्त उघडा सांगाडा उभा केला तर बल कमी दिसतं आणि पाया, खांब सुरक्षित वाटतात. फक्त भरलेला केला तर सरकणं निम्मं दिसतं आणि जिने, लिफ्ट, दर्शनी भिंती सुरक्षित वाटतात. दोन्ही चालवायची आणि प्रत्येक घटकाला दोहोंतला वाईट आकडा द्यायचा. मजल्याची सरासरी उंची ३.३५ मीटर, २ टक्के सरकणं म्हणजे ६७ मिलिमीटर. एवढ्या सरकण्यात पोकळ टाईल उभी राहत नाही. तिचे तुकडे वाटेत पडतात, आणि ती वाट जिन्याकडे जाणारी असते.

२९ जुलै

आजचा दिवस खांबांच्या सांध्यांवर गेला, आणि या प्रकल्पाचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे असं आमचं मत झालं.

१९३० चे खांब दोन-दोन मजल्यांच्या तुकड्यांत येत. वरचा तुकडा खालच्यावर टेकवायचा आणि बाजूंना पट्ट्या लावून रिव्हेट (तापवून, ठोकून बसवलेले पोलादी खिळे) मारायचे. भार खाली दाबणारा, तो टेकलेल्या पृष्ठभागातून जातो. रिव्हेट फक्त तुकडा जागेवर धरून ठेवायला. खांबाला वर ओढणारं बल येईल हा विचारच त्या सांध्यात फारसा नाही.

आता बघा. भूकंपबलाची परिणामी उंची (सगळं आडवं बल एकाच जागी धरलं तर ती उंची) ६१ मीटर, इमारतीची रुंदी २० मीटर, खांबांच्या चार ओळी धरल्या. बाहेरच्या ओळीवर वजनाचा सहावा हिस्सा, म्हणजे ०.१६७ पट. आडवं बल वजनाच्या ५ टक्के असेल तर उलथवणारं बल त्या ओळीवर ०.०५ × ६१ ÷ २० = ०.१५ पट ओढ आणतं. अजून खांब दाबातच. बल ६ टक्के झालं की ओढ ०.१८३ पट, आणि खांब ताणात गेला. कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही दिशांची ओढ एकदम मिळते, तो याच्या आधीच जातो.

मग सांध्यात किती ताकद? सात-अष्टमांश इंची रिव्हेटचा छेद ३८८ चौरस मिलिमीटर. कातर ताकद २०० मेगापास्कल धरली तर एका रिव्हेटला ७८ किलोन्यूटन. सांध्याच्या एका बाजूला आठ रिव्हेट असतील तर सुमारे ६२० किलोन्यूटन. त्याच खांबाचा छेद ३०,००० चौरस मिलिमीटर आणि पोलादाची ताकद २०७ मेगापास्कल धरली तर खांब स्वतः ६,२०० किलोन्यूटन ओढ सोसू शकतो. सांधा खांबाच्या दहाव्या हिश्श्याचा. आणि हा सांधा तुटतो तेव्हा वाकून, कुरकुरून इशारा देत नाही.

उपाय साधा, पण कष्टाचा: कवच काढा, फ्लँजच्या (खांबाच्या कडेच्या रुंद पट्टीच्या) दोन्ही बाजूंना नव्या जाड पट्ट्या, उच्चताकदीचे बोल्ट. जुना रिव्हेट काढून त्याच भोकात बोल्ट घालता येतो, पण भोकं रांगेत असतीलच असं नाही. रीमर (भोक घासून मोठं करणारं हत्यार) फिरवून एकसारखी करावी लागतात. रिव्हेट गॅस कटरने उडवायचा मोह होतो. त्यात मूळ पोलाद जळतं आणि भोक अंडाकृती होतं. डोकं ग्राइंडरने काढा, दांडा ठोकून बाहेर. एका सांध्यावरचे सगळे रिव्हेट एकदम काढायचे नाहीत: दोन काढा, दोन बोल्ट घट्ट करा, मग पुढचे दोन.

४ ऑगस्ट

पोलादाची चाचणी. १९२४ ते १९३१ मधल्या अमेरिकी बांधकाम-पोलादासाठी मूल्यांकन-संहितेत नमुना नसल्यास धरायची लवचीक मर्यादा (ज्या ताणापुढे पोलाद कायमचं ताणलं जातं) ३० केएसआय (चौरस इंचाला हजार पौंड), म्हणजे २०७ मेगापास्कल. पण माहिती अपुरी असेल तर क्षमतेला ०.७५ ने गुणावं लागतं. चाचण्यांनी हा गुणक १ वर जातो. म्हणजे थोडे पोलादी तुकडे कापून तपासल्याने कागदावर एक-तृतीयांश ताकद परत मिळते. चाचणीचा खर्च यापुढे काहीच नाही. नमुने तुळईच्या टोकाकडच्या फ्लँजमधून, जिथे वाकवणारा ताण कमी, आणि कापलेली जागा गोलाईने घासून सोडायची; काटकोनी खाच ठेवली की तडा तिथूनच सुरू.

तुकड्याची रासायनिक तपासणीही त्याच वेळी. जुन्या पोलादात गंधक आणि फॉस्फरस जास्त सापडतात, ते वेल्डला मारक. वेल्ड तडकण्याचा धोका सांगणारा कार्बन-तुल्यांक काढायचा: कार्बन + मँगनीज ÷ ६ + (क्रोमियम + मॉलिब्डेनम + व्हॅनेडियम) ÷ ५ + (निकेल + तांबं) ÷ १५. ०.४५ च्या वर गेला तर पोलाद आधी तापवल्याशिवाय वेल्ड नाही. जिथे बोल्ट चालतो तिथे वेल्ड नकोच, असा आमचा कल. जिथे अटळ, तिथे आधी शिशाचा रंग दोन्ही बाजूंना १० सेंटिमीटरपर्यंत उतरवायचा, नाहीतर वेल्डरच्या फुप्फुसात शिसं.

१२ ऑगस्ट

मजबुतीकरणाचे पर्याय तपासले: काँक्रीटची शियर वॉल (आडवं बल घेणारी भिंत), पोलादी तिरप्या दांड्या, चिकट द्रवाचे डॅम्पर (हादऱ्याची ऊर्जा शोषणारे दट्टे). शियर वॉल वजन वाढवते, ताठपणा वाढवते, आणि वाढलेलं बल नेमकं त्या दुबळ्या सांध्यांवर आणि पायावर टाकते. डॅम्पर घेतले.

डॅम्परचं बल वेगावर चालतं. इमारत टोकाला पोचते तेव्हा वेग शून्य, म्हणजे खांबांवर सर्वाधिक ताण असताना डॅम्परची भर कमीत कमी. जुन्या सांध्यांच्या इमारतीत हा गुण सोन्याचा.

एक गाळा (दोन खांबांमधली जागा): रुंदी ६ मीटर, उंची ३.३५, तिरपी लांबी ६.८७. मजला ४० मिलिमीटर सरकला तर डॅम्परचा दांडा ३५ मिलिमीटर फिरतो. काळ २.७४ सेकंद घेतला तर वेग सेकंदाला ८० मिलिमीटर. एका डॅम्परकडून १,००० किलोन्यूटन हवे आणि वेगाचा घात ०.५ असेल (बल = स्थिरांक × वेगाचा तो घात, वेग मीटरमध्ये) तर स्थिरांक १,००० ÷ √०.०८ = ३,५३६. घात १ ऐवजी ०.५ का? अपेक्षेच्या दुप्पट वेग आला तर घात १ च्या डॅम्परमध्ये बल २,००० होतं, ०.५ च्या डॅम्परमध्ये १,४१४. जोडाच्या पट्ट्या आणि शेजारचे खांब वाचतात.

सावधानता: ८० हा सरकण्यावरून काढलेला वेग. लांब काळाच्या इमारतीत खरा वेग याहून जास्त निघतो, आणि वरच्या कंपनप्रकारांचा वेगळा. शेवटचा आकडा वेळ-इतिहास विश्लेषणातूनच (भूकंपाच्या नोंदी क्षणाक्षणाने मॉडेलवर चालवून) घ्यायचा.

बसवताना होणारी चूक: खिळीच्या भोकातली मोकळीक. दोन्ही टोकांना एक-एक मिलिमीटर ढिलाई असेल तर मोठ्या हादऱ्यात ३५ पैकी २ गेले, चालतं. पण लहान हादऱ्यात दांडा ५ मिलिमीटरच फिरणार, त्यातले २ फुकट. गोलाकार बेअरिंग आणि घट्ट बसणारी खीळ, भोक जागेवर मोठं करायला परवानगी नाही.

१४ ऑगस्ट

दर्शनी भाग, थोडक्यात. विटांमागच्या कडेच्या तुळया गंजतात; गंज मूळ पोलादाच्या कित्येक पट जागा घेतो आणि वीट बाहेर ढकलतो. आडवी भेग मजल्याच्या पातळीवर सरळ रेषेत दिसली तर ती गिलाव्याची भेग समजून सीलंट भरायचं नाही, कारण आतलं पाणी कोंडतं. उघडा, गंज काढा, रंग, झाकपट्टी, मग वीट. भाजलेल्या मातीचे शोभेचे तुकडे बदलायचे झाले तर ग्लॅडिंग मॅकबीन ही १८७५ ची कंपनी कॅलिफोर्नियातच, लिंकन गावी, अजून बनवते. साच्यासाठी शाबूत तुकड्याचं माप घेताना भट्टीतलं आकुंचन जमेला धरायचं.

२१ ऑगस्ट

जिने, आगीच्या वेळी बाहेर पडायचे. ४४ इंची जिन्याची क्षमता माणशी ०.३ इंच धरून १४६. स्प्रिंकलर आणि आवाजी इशारायंत्रणा दोन्ही असतील तर माणशी ०.२ इंच, म्हणजे २२०. ३६ इंची जुना जिना दुसऱ्या हिशेबाने १८०. वर्गाला माणशी २० चौरस फूट निव्वळ जागा. १,००० चौरस फुटांचा वर्ग म्हणजे ५० माणसं, आणि तिथे दुसरं दार आलं, आणि दारं बाहेर उघडणारी हवीत. ९८० चौरस फुटांचा वर्ग ४९ वर थांबतो. नकाशावर ही वीस फुटांची बचत खूप उपयोगी पडते.

जिन्यात धूर येऊ नये म्हणून दाब: किमान २५ पास्कल, कमाल ८७. कमाल का? ०.९१ × २.१३ मीटरच्या दारावर ८७ पास्कल म्हणजे मुठीपाशी ९२ न्यूटन, वर क्लोजरचे (दार आपोआप बंद करणाऱ्या यंत्राचे) ४०, एकूण १३२. मर्यादा १३३. सगळ्या दारांचे क्लोजर सैल-घट्ट तपासल्याशिवाय पंख्याची तपासणी पूर्ण मानायची नाही.

उंचीचाही परिणाम, कारण आतली उबदार हवा वर चढते. बाहेर ५ अंश, आत २१ अंश असताना मीटरला ०.६८ पास्कल, मधल्या पातळीपासून माथ्यापर्यंत ४७ मीटरला ३२ पास्कल. तळाशी एकच पंखा लावला तर खालचं दार उघडत नाही आणि वरचं दाब धरत नाही. दर तीन मजल्यांना हवा सोडायची.

२६ ऑगस्ट

आग विझवायचं पाणी. ९४ मीटर उंचीचा स्थिर दाब ९.२ बार. माथ्याच्या नळाला ६.९ बार हवे, घर्षणाला १ बार; पंपाशी १७. सर्वसाधारण जोड-झडपा १२ बारच्या. म्हणून दोन विभाग, किंवा खालच्या मजल्यांवर दाब उतरवणाऱ्या झडपा. आम्ही दोन विभाग धरले, आणि कारण फिलाडेल्फियाचं वन मेरिडियन प्लाझा. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी त्या ३८ मजली इमारतीला आग लागली तेव्हा दाब उतरवणाऱ्या झडपा चुकीच्या दाबाला लावलेल्या होत्या. नळीला पुरेसं पाणी मिळालं नाही. तीन अग्निशामक गेले. आग २२ व्या मजल्यावरून चढत ३० व्यावर थांबली, तिथे स्प्रिंकलर होते म्हणून. जिथे झडप टाळता येत नाही तिथे बसवल्यावर प्रत्यक्ष प्रवाह सोडून मोजायचं, कारखान्याच्या चिठ्ठीवर भागवायचं नाही.

३ सप्टेंबर

जुन्या प्रार्थनागृहात अभिरूप न्यायालय. प्रार्थनेच्या गाण्याला घुमणारा आवाज हवा, साक्षीदाराच्या उलटतपासणीला नको. घनफळ ५,००० घनमीटर आणि घुमण्याचा काळ २.५ सेकंद धरला तर शोषण ०.१६१ × ५,००० ÷ २.५ = ३२२ चौरस मीटर. एक सेकंदावर आणायला ८०५. फरक ४८३. जुनं नक्षीकाम झाकायचं नाही ही अट, कारण वारसा-मानकांप्रमाणे नवं काम वेगळं ओळखू यावं आणि काढता यावं. म्हणून बाकांना गाद्या, मागच्या भिंतीपुढे सुटे शोषक पडदे, छताला हात नाही. रिकाम्या आणि भरलेल्या दालनातला फरक कमी व्हावा म्हणून गाद्या सच्छिद्र कापडाच्या.

९ सप्टेंबर

कामाचा क्रम. इथे एक पेच आहे आणि तो लेखी सोडवल्याशिवाय निविदा निघू नये.

टाईल तोडणं वरून खाली सोयीचं, राडा खाली जातो. मजबुतीकरण खालून वर हवं, कारण वरचा भाग ताठ आणि खालचा लवचीक अशी अवस्था एक दिवसही नको. उलट खालून तोडायला घेतलं तर भिंती गेलेला मऊ मजला तळाशी तयार होतो. २२ जुलैची दोन सूत्रं हेच सांगतात: टाईल कमकुवत असली तरी ती आज इमारतीच्या ताठपणाचा भाग आहे.

म्हणून तीन फेऱ्या. पहिली, खालून वर: फक्त खांबांच्या सांध्यांपुरती कवचं उघडायची, पट्ट्या आणि बोल्ट, पुन्हा अग्निरोधक. दुसरी, खालून वर: फक्त डॅम्परच्या गाळ्यांतल्या टाईल काढायच्या, डॅम्पर बसवायचे. तिसरी, वरून खाली: उरलेल्या भिंती, एका वेळी लागून असलेले तीनच मजले उघडे. प्रत्येक फेरीआधी त्या-त्या मजल्याचं ॲस्बेस्टॉस आणि शिसं साफ झाल्याचा दाखला. लिफ्टपैकी एक बांधकामाला, एक अग्निशामकांसाठी कायम मोकळी. उभ्या पाण्याच्या नळाची एक रेषा तिन्ही फेऱ्यांत चालू. ती बंद करायची तर त्या दिवशी कटिंग-वेल्डिंगही बंद.